पट्टे जिथे संपले

"या आणि बघा!" फोनवर धाकट्या काकू ओरडत होत्या. "तुमच्या यंत्रानं माझ्या शेताचा लेंगा केलाय, लेंगा!"

आत्यानं फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी मला शेडच्या दुसऱ्या टोकाला सगळं ऐकू आलं. मी ट्रॅक्टरखाली आडवी पडून ग्रीस भरत होते. शेताचा लेंगा म्हणजे नक्की काय ते कळलं नाही, पण कौतुक चाललेलं नाही एवढं आवाजावरून कळत होतं.

"येतोच आम्ही, वहिनी," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "भिंगरे, बाहेर ये. हात पूस. आणि तिथं गेल्यावर तोंड बंद ठेव."

"मी काय बोलले अजून?"

"अजून नाही म्हणूनच सांगतेय."

स्कूटर मी चालवली. आत्या चालवायला बसली की सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकतात, माझा जीव जातो.

आत्या आधी शीतगृहात हिशेब बघायची. ते बंद पडलं तेव्हा तिला एकरकमी पैसे मिळाले. लोक अशा पैशात सोनं घेतात, घराला मजला चढवतात. हिनं खत फेकायचं यंत्र घेतलं. ट्रॅक्टरच्या मागे मोठं नरसाळं, त्याखाली दोन फिरत्या चकत्या, आणि माझ्या सीटसमोर एक स्क्रीन. शेताचा वरून काढलेला फोटो त्यात घालायचा. मग चालता चालता यंत्र आपोआप कुठे जास्त खत टाकतं, कुठे कमी. ट्रॅक्टर मी चालवायचा आणि हिशेब आत्यानं बघायचा असं ठरलं होतं. मी दहावी अर्धवट सोडली तेव्हापासून मला कुठेच तासभर बसवत नाही. त्या सीटवर मात्र मी दिवसदिवस बसायचे, कारण सीट हलत असते.

पण दोन हंगाम झाले तरी धंदा काही उभा राहत नव्हता. लोक यायचे, स्क्रीन बघायचे, माना डोलवायचे आणि म्हणायचे, "भारी आहे हो. पण खतात वाचतं तेवढं तुमच्या भाड्यात जातं. मग आमच्या हातात काय?" त्यांचं खरंच होतं, म्हणून मला जास्त राग यायचा.

शेवटी दोघी जावांनी एक संधी दिली. थोरल्या काकूंचा नवरा ट्रकवर, धाकट्या काकूंचा परगावी नोकरीला, त्यामुळे शेती या दोघीच बघायच्या. गव्हाचं एकच मोठं शेत होतं. अर्ध्यात आमचं यंत्र, अर्ध्यात त्यांची माणसं हातानं खत फेकणार. यंत्र यावं असं थोरलीला वाटत होतं, धाकटीला नाही. यंत्राची बाजू फायद्यात आली तर पुढच्या हंगामात त्यांची सगळी जमीन आमची. आणि त्यांच्याकडे बघून आजूबाजूचेही येणार, कारण धाकट्या काकूंनी एखाद्या गोष्टीला पैसे दिले म्हणजे तिच्यात काहीतरी असणार हे सगळ्यांना माहीत होतं.

फायदा नाही झाला तर आत्या यंत्र विकणार होती. आणि यंत्र गेलं की मी परत शाळेत, माझ्याहून दोन वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर. हे बाबांनी ठरवलं होतं. बाबा शाळेची बस चालवतात. रोज सगळ्या जगाची पोरं शाळेत सोडतात आणि स्वतःची तेवढी घरी, हे त्यांना खुपतं.

शेत दिसलं तशी मी ब्रेक दाबला.

पट्ट्यापट्ट्यांचा लेंगाच होता. गहू अजून गुडघ्याखाली होता आणि आमच्या अर्ध्यात वरपासून गडद हिरवा, फिका, गडद, फिका, गडद, फिका. पट्टी लावून आखल्यासारखे पट्टे. रस्त्यावर दोघंजण मोटरसायकलला टेकून बघत उभे होते.

"काय ताई," त्यातला एक आत्याला म्हणाला, "नाडी घालायची राहिली वाटतं!"

"घालते ना," मी म्हटलं. "तुमच्या तोंडाला आवळून बांधते."

आत्यानं मागून कमरेत असा चिमटा काढला की मी स्कूटरवरून उतरलेच.

बांधावर दोघी जावा उभ्या होत्या. थोरल्या काकू म्हणाल्या, "आधी पाणी प्या, ऊन फार आहे."

"पाणी कसलं पाजताय, जाऊबाई!" धाकट्या काकू म्हणाल्या. "तुमच्याच हौसेनं आलेत हे लोक. सकाळपासून तीनजणांनी थांबून विचारलं मला, हे काय नवीन बियाणं आहे का म्हणून. काय सांगू मी?"

आत्या सरळ गव्हात शिरली. मी तिच्या मागे. चाकांच्या खुणा अजून होत्या, आणि प्रत्येक गडद पट्टा बरोबर चाकोरीच्या दोन्ही बाजूंना होता. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध फिका.

मला लगेच कळलं. आत्यालाही, कारण तिनं डोळे मिटले.

यंत्र किती लांब फेकतं हे खताच्या दाण्यावर असतं. म्हणून नवीन खत आलं की आधी शेतात आडव्या ओळीत ट्रे मांडायचे, त्यांवरून एकदा यंत्र न्यायचं, मग प्रत्येक ट्रेमध्ये किती पडलं ते तोलायचं आणि फेक जुळवायची. आदल्या शेतात मोठा दाणा होता, त्यावर आम्ही जुळवली होती. इथे खतवाल्यानं बारीक दाणा पाठवला. बारीक दाणा हलका, तो लांब जात नाही. दोन फेऱ्यांच्या मधे जिथे दोन्हीकडचं खत येऊन मिळायला हवं तिथे काहीच पोचलं नव्हतं. आणि त्या दिवशी आम्ही दोघी काय करत होतो? स्क्रीनवर नकाशा नीट बसतोय का ते बघत होतो. एवढा सुंदर नकाशा बसला होता की गोणीत हात घालून दाणा बघायचं कुणाला सुचलंच नाही.

"चूक आमची आहे," आत्या बांधावर येऊन म्हणाली.

"ते मला दिसतंय."

"पण हातानं फेकलेलं तरी कुठे सारखं पडतं?" मी म्हटलं. "तिकडे ठिपके आहेत, इकडे पट्टे आहेत. पट्टे लांबून दिसतात एवढंच."

"भिंगरे!" आत्या.

"बघा, बघा," धाकट्या काकू म्हणाल्या. "एवढंसं पोर, जीभ बघा. ठिपक्यांना कुणी हसत नाही गं बाई. ऐका ताई, खताचा दुसरा हप्ता आम्ही सगळीकडे हातानंच टाकू. यंत्र आत नको. आणि पुढच्या हंगामाचं विसरा."

थोरल्या काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

परत येताना आत्यानं मला रस्त्याच्या कडेला थांबायला लावलं आणि गॅरेजवाल्याला फोन केला. तो दोन महिने यंत्राच्या मागे होता. "येऊन बघून जा," ती म्हणाली, जसं काही जुनं कपाट विकतेय.

"बस? एवढ्यात?" मी म्हटलं. "एकदा पट्टे पडले तर लगेच विकायचं?"

"पट्टे नसते पडले तरी काय झालं असतं, सांग ना. पट्ट्यांनी मरायला कारण दिलं इतकंच. धंदा आधीच आजारी होता."

"मग औषध शोध ना! तू हिशेबवाली आहेस!"

"हिशेबवाली आहे म्हणूनच विकतेय," आत्या म्हणाली. "आणि रस्त्यात ओरडू नको, लोकांना वाटेल मी तुला पळवून नेतेय."

संध्याकाळी जेवताना बाबांना सगळं आधीच कळलेलं होतं. बसमधल्या पोरांनी शेत बघून खिडकीतून माना बाहेर काढल्या होत्या म्हणे.

"शाळेचं दप्तर माळ्यावर आहे," बाबा म्हणाले. "उंदरांनी खाल्लं नसलं तर काढून ठेव."

"उंदीर माझ्याहून हुशार आहेत. पुस्तकं खाऊन पोट तरी भरतात."

आईनं हसू आवरायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. बाबा हसले नाहीत. "यंत्र गेलं की तू शाळेत," ते म्हणाले. "आपलं ठरलंय." ठरलं होतंच. मी ताट सारून उठले.

सकाळी उठले तीच खतवाल्याच्या नावानं. त्यानं न सांगता दाणा बदलला होता. मला वाटलं, त्याच्या टेबलावर गव्हाच्या दोन जुड्या आपटायच्या, एक गडद आणि एक फिकी, आणि विचारायचं, हे काय आहे? त्यानं काय होणार होतं ते माहीत नाही. पण कुणावर तरी काहीतरी आपटायचं होतं. स्कूटर काढली आणि शेतावर गेले.

रस्त्याकडच्या टोकाला शिरले. एका फिक्या पट्ट्यातून चालायला लागले, अधूनमधून एखादं रोप उपटत, तोंडानं खतवाल्याला जे म्हणायचं त्याची तालीम करत. शेत लांब आहे, रस्त्यापासून खाली नाल्यापर्यंत उतरतं. माझं भाषण चांगलं रंगात आलं होतं. एक रोप उपटलं आणि बघते तर गडद. म्हटलं, चुकून शेजारच्या पट्ट्यात गेले. डावीकडे सरकले. तिथलंही गडद. उजवीकडे आले. गडद.

मागे वळून बघितलं. वर रस्त्याकडे पट्टे होते, आणि मी उभी होते तिथे नव्हते.

चाकोऱ्या होत्या. त्या शोधल्या. चाकोरीच्या जवळ खत पडलेलं, मधोमध न पडलेलं, हे इथेही तसंच असणार होतं, यंत्र काही खाली येऊन शहाणं झालेलं नव्हतं. तरी दोन्हीकडचा गहू सारखा. मी खाली बसले, पान पानाला लावून बघितलं. परत वर गेले, जिथे पट्टा विरळ व्हायला लागतो तिथपर्यंत. परत खाली. पुढच्या चाकोरीत तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. माझं डोकं इतकं तापलं की खतवाला पार विसरले.

इथे खत पडलं काय आणि नाही पडलं काय, गव्हाला फरकच नव्हता.

"कोण आहे तिकडे? अगं ए! माझा गहू उपटतेस?"

धाकट्या काकू वरून धावत येत होत्या, हातात खुरपं.

"काकू, इथे या! लवकर या!"

"येतेच, आणि आल्यावर काय करते बघ!"

त्या धापा टाकत पोचल्या. मी म्हटलं, "मला नंतर मारा. आधी सांगा, इथे फिका पट्टा कुठला?"

"म्हणजे?"

"तुम्ही सकाळ-संध्याकाळ बघताय ना पट्टे? दाखवा ना बोटानं. इथे फिका कुठला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला ऊन लागलंय. मग गव्हाकडे बघितलं. मग एकदम ठसक्यात बोट दाखवलं. "हा काय."

मी त्या जागेवरचा गहू दोन्ही हातांनी बाजूला केला. खाली चाकाची खूण होती.

"ही चाकोरी. इथे सगळ्यात जास्त खत पडलंय. इथे सगळ्यात गडद हवा."

काकू खाली वाकल्या. सरळ झाल्या. चार पावलं गेल्या, परत वाकल्या. तिथलाही गहू बाजूला केला, मग मागे वळून रस्त्याकडच्या पट्ट्यांकडे बघितलं.

तेवढ्यात थोरल्या काकू चहाची किटली घेऊन खाली आल्या. त्यांना वाटलं होतं आमची मारामारी चाललीय, म्हणून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांचा स्वभावच तो.

"जाऊबाई," धाकट्या काकूंनी विचारलं, "या खालच्या तुकड्यात काय आहे?"

"काय असायचं? आता काही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे गोठा होता. तू यायच्या आधीच पाडला. चिक्कार गुरं होती तेव्हा. शेणाचा डोंगर असायचा इथे, आणि पाऊस पडला की सगळं खाली पसरायचं. नाल्यापर्यंत चालता यायचं नाही, चप्पल अडकायची." त्यांनी किटली खाली ठेवली. "का गं?"

मी आत्याला फोन लावला. "गॅरेजवाल्याला थांबव आणि इकडे ये. स्वतः स्कूटर चालवत येऊ नको, कुणाला तरी सोडायला सांग, नाहीतर गहू कापणीला येईल तोपर्यंत."

आत्या आली. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं वरून खाली चालवलं. नाल्याजवळ पोचली तशी ती थांबली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"मी इथे जास्त टाकायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फोटोत हा तुकडा सगळ्यात हिरवा दिसत होता. यंत्र विचारतं ना, चांगल्या पिकाला जास्त द्यायचं की कमी? मी म्हटलं जास्त. जे पोर भरभर खातंय त्याच्या ताटात वाढावं तसं." ती हसली, पण आनंदानं नाही. "आणि या पोराचं पोट आधीच भरलेलं होतं. अगं, सगळ्यांच्या शेतात मी हेच केलंय. दोन हंगाम."

"म्हणजे खत वाचायचं तिथेच तुम्ही ओतत होतात," धाकट्या काकू म्हणाल्या.

"हो."

"आणि वर आमच्याकडून भाडं घेत होतात."

"हो, वहिनी. अजून काही बोलायचं असेल तर बोला, आज सगळं एकदम ऐकून घेते."

धाकट्या काकूंनी किटलीतून कपभर चहा ओतून घेतला.

मग तिथेच, नाल्याकडच्या बांधावर बसून, पुढचं ठरलं. दुसरा हप्ता आमच्या अर्ध्यात यंत्रानंच टाकायचा. वरच्या भागात आखूड फेक मुद्दाम तशीच ठेवायची, आणि ट्रॅक्टर जुन्या चाकोऱ्यांतून न नेता त्यांच्या मधोमध न्यायचा, म्हणजे जे पट्टे उपाशी राहिले त्यांच्याच ताटात पडेल. खालच्या तुकड्यात मात्र काहीच नाही. एक दाणाही नाही.

"नव्या चाकोऱ्या पाडणार? म्हणजे परत गहू तुडवणार?" धाकट्या काकू.

"तुडवणार," आत्या म्हणाली. "थोडा जाईल. तो आमच्या भाड्यातून कापा."

"आणि खाली खत न टाकल्यानं पीक बसलं तर?"

मी आत्याकडे बघत होते. माझा पाय नुसता हलत होता, बांधाची माती खाली पडत होती.

"तर यंत्र विकून भरून देईन," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक तयार आहे."

"आत्या!"

"तूच म्हणालीस ना औषध शोध? औषध कडू असतं."

धाकट्या काकूंनी कप उपडा केला. "ठीक. पण माझी एक अट. या खालच्या तुकड्यातही मधे एक पट्टा खत टाकायचं. नेहमी टाकतो तेवढं. दोन्ही बाजूंना काठ्या रोवायच्या. तुमचं खोटं असेल तर तो पट्टा दिसेल. तेव्हा मला कुणी शिकवायला येऊ नका."

आत्या त्यांच्याकडे वळली. "वहिनी, हे मला सुचायला हवं होतं."

"तुम्ही नकाशात होतात," धाकट्या काकू म्हणाल्या.

दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी आम्ही आधी गोणी फोडून दाणा बोटांत चोळून बघितला, मग ट्रे मांडले, मग तोलले, मग परत मांडले. मला त्याचा भयंकर कंटाळा येतो. धाकट्या काकू स्वतः तराजूपाशी उभ्या राहिल्या आणि खतवाल्याकडचा पोरगाही असा बघत नसेल अशा नजरेनं काट्याकडे बघत राहिल्या. वरचा भाग झाला. खालच्या तुकड्याच्या हद्दीवर आले आणि नरसाळ्यातून खत सोडणारी झडप बंद झाली. मागे चकत्या रिकाम्याच गरगरत होत्या. मी हिरव्या गव्हातून ट्रॅक्टर नेत होते आणि काहीच टाकत नव्हते. इतकं विचित्र वाटलं. बोट सारखं झडपेच्या बटणाकडे जायचं. काठ्यांच्या मधे आले तेव्हा उघडली, दुसऱ्या टोकाला बंद केली. काठ्यांना चिंध्या बांधल्या होत्या, थोरल्या काकूंनी. त्यांनी लाल निवडल्या होत्या, लांबून दिसाव्यात म्हणून.

पलीकडच्या अर्ध्यात त्यांची माणसं हातानं फेकत होती, वरपासून नाल्यापर्यंत, दरवर्षीसारखी.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते घरच्यांना विचारा. दर दोन दिवसांनी शेतावर जायचे. वरचे पट्टे हळूहळू मिटत गेले, तरी नीट बघितलं तर कळायचे. खाली काठ्यांच्या मधला पट्टा जरा जास्तच गडद झाला, म्हणजे शेवटी काकूंचंच खरं होणार असं वाटायला लागलं. धाकट्या काकूंनी तो बघितला. भुवया वर केल्या. गॅरेजवाला एकदा येऊन यंत्राभोवती फिरून गेला, चकत्या हातानं फिरवून बघितल्या. "हात लावू नका," मी म्हटलं. "विकत घेणार आहे मी," तो म्हणाला. "घेतल्यावर लावा." आत्यानं मला आत पाठवलं.

गहू ओंबीत आला. ओंब्या जड व्हायला लागल्या. आणि मग एका दुपारपासून वारा सुटला तो थांबेचना, जोडीला पाऊसही आला. पत्रे वाजत होते. बाबांची बस उशिरा आली, रस्त्यात झाड पडलं होतं. मी दाराशी आणि खिडकीशी अशा फेऱ्या मारत होते. शेवटी आई म्हणाली, "बस की गं जरा, मला गरगरतंय."

उजाडल्यावर फोन आला नाही. त्याचीच मला भीती वाटली. फोन आला असता तर कळलं असतं तरी. मी आत्याला उठवलं, आणि यावेळी तीच म्हणाली, "जोरात चालव."

बांधावर पोचलो तर दोघी जावा आधीच खाली नाल्याकडे उभ्या होत्या. आम्ही धावत उतरलो.

हातानं खत टाकलेल्या अर्ध्यात, खालचा सगळा तुकडा आडवा झाला होता. एखादं मोठं जनावर लोळून गेल्यासारखा गहू जमिनीवर चिकटला होता, ओंब्या चिखलात. आमच्या अर्ध्यात खालचा तुकडा उभा होता. वाऱ्यानं जरा कललेला, पण उभा. आणि त्याच्या बरोबर मधे, लाल चिंध्यांच्या काठ्यांपासून काठ्यांपर्यंत, एक पट्टा आडवा. काठीच्या या बाजूला उभा, त्या बाजूला पडलेला. जास्त खत खाऊन तो उंच आणि लुसलुशीत झाला होता, वाऱ्यात त्याच्या पायांनी दगा दिला.

थोरल्या काकूंना आधी हसू फुटलं. तोंडावर हात दाबून त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण पडलेला गहू त्यांचाही होताच.

धाकट्या काकू पडलेल्या गव्हात गेल्या. मूठभर रोपं उचलून उभी केली. सोडली तशी ती परत पडली. दुसरी मूठ उचलली. तीही पडली.

मी त्या दिवसासाठी किती वाक्यं तयार ठेवली होती. एक लेंग्यावर होतं, एक नाडीवर, एक जिभेवर. सगळी चांगली होती. तोंडापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्यांच्या हातांना चिखल लागला होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बोल ना," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ओठांवर आलंय तुझ्या."

"काही नाही."

"खोटारडी."

मी खाली उतरून एक मूठ उचलली. मलाही उभी करता आली नाही.

कापणी झाली, वजनं झाली. धाकट्या काकूंनी हिशेब तीनदा केला, कारण पहिल्या दोन्ही वेळा तो आमच्या बाजूनं आला. तिसऱ्यांदाही तसाच आला. तुडवलेल्या गव्हाचे पैसे कापून, आमचं भाडं देऊन, वर त्यांच्या हातात चांगलं काही उरत होतं. बरंचसं त्या एका खालच्या तुकड्यातूनच आलं होतं, आणि तिथे दुसऱ्या हप्त्याला आम्ही जवळजवळ काहीच केलं नव्हतं.

"म्हणजे काहीच न करण्याचे पैसे घेता तुम्ही," धाकट्या काकू म्हणाल्या.

"कुठे काहीच करायचं नाही हे सांगायचे घेते," आत्या म्हणाली. ती शेडमध्ये स्टुलावर बसली होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज शीतगृहातल्या हिशेबवालीसारखा ऐकू येत होता. "ऐका वहिनी. यापुढे मी एकदम सगळं शेत घेणारच नाही. पहिल्या हप्त्याला मुद्दाम पट्टे पाडणार. एक खताचा, एक बिनखताचा, वरपासून खालपर्यंत. त्याचं भाडं वेगळं, आणि ते आधी. मग तीन आठवड्यांनी भिंगरी चालत जाईल. पट्टे जिथे दिसतील तिथे खत, जिथे दिसणार नाहीत तिथे झडप बंद. आणि सगळीकडे सारखेच दिसले तर सांगणार, तुम्हाला आमची गरज नाही, हातानं टाका."

"असं सांगून धंदा होतो होय?"

"आतापर्यंत न सांगून झाला नाही."

"पट्ट्यांचे आधी पैसे मी देणार नाही. खत वाचलं तर देईन."

"मग नकाशा बघून घ्या फुकट, सुंदर असतो."

थोरल्या काकू मधे पडल्या. "अगं दे की. पट्ट्यांना लोक हसणारच, निदान पैसे देऊन पाडलेल्या पट्ट्यांना हसू देत."

धाकट्या काकूंनी अर्धे आधी, अर्धे नंतर यावर आणलं. आत्या तयार झाली. त्या बोलत असतानाच गॅरेजवाल्याचा फोन आला. आत्यानं तो मला दिला. "सांग त्याला."

"नाही विकायचं," मी म्हटलं. त्यानं आकडा वाढवला. आत्याला विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं, फोन बंद केला.

संध्याकाळी आत्या घरी आली आणि बाबांना म्हणाली, "दादा, मला चालायला माणूस लागतंय. शेतातून वरखाली चालायला आणि खोटं न बोलायला. तुझी पोरगी ठेवून घेते."

बाबांनी आणखी एक पोळी वाढून घेतली. मग म्हणाले, "चालू दे. पण दहावीला बाहेरून बसायचं. शाळेत जाऊ नको, परीक्षेला जा."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाही, हो म्हण."

"बघू म्हटलं ना! आता 'हो' म्हटलं आणि नंतर नाही बसले तर परत तुम्हीच ओरडाल."

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडे कशाला बघता? तुमच्यावरच गेलीय."

दुसऱ्या दिवशी धाकट्या काकूंची मक्याची जमीन बघायची होती. त्या म्हणाल्या होत्या, सावकाश दुपारून या. मी सकाळीच गेले. त्या दारात उभ्या, तोंडात दातांचा ब्रश.

"दुपारी म्हटलं होतं ना?"

"दुपारपर्यंत काय करू मी?"

त्यांनी तोंड धुतलं, चपला घातल्या आणि माझ्या पुढे निघाल्या. भरभर. मला पळत गाठावं लागलं. "हे बघ," त्या चालता चालताच म्हणाल्या, "या शेतात सगळीकडे सारखंच आहे, मी आताच सांगते. उगाच पट्ट्यांचे पैसे घेशील."

"सारखं असेल तर तसं सांगीन."

"सांगशील ना?"

"तोंडावर सांगीन. तुम्ही फक्त खुरपं घरी ठेवा."